जुन्या बाहुल्यांचे कपडे: खोका उघडण्यापासून घडी घालेपर्यंत

कित्येक वर्षं बंद राहिलेला बाहुल्यांचा खोका उघडला की हात आपोआप बादलीकडे वळतो. सगळं पिवळं पडलेलं असतं, कुबट वास येत असतो, मग भिजत घालून मोकळं व्हावंसं वाटतं. ही घाई आवरा. मळका फ्रॉक आणखी दहा वर्षं मळका राहिला तरी त्याचं फार बिघडत नाही. लाल रिबिनीचा रंग एकदा पांढऱ्या कॉलरवर उतरला आणि वाळला, तर मात्र तो निघणं जवळजवळ अशक्य.

बाहुलीचे कपडे आपल्या कपड्यांसारखे शिवलेले नसतात. शिवणीच्या आतली पट्टी जेमतेम ३ मिलिमीटरची असते, कडा न बांधलेल्या असतात, दोरा बारीक असतो आणि लेस कधी शिवलेली तर कधी नुसती चिकटवलेली असते. कारखान्यातून निघालेल्या कपड्याला खळ दिलेली असते, ती तो ताठ आणि नवा दिसावा म्हणून. पहिल्या धुण्यात ती खळ निघून जाते आणि ताठपणा जातो तो जातोच. म्हणून एखादा कपडा कोरा, खळीसकट, डाग नसलेला निघाला तर तो धुवूच नका. धूळ काढा आणि बाजूला ठेवा. संग्राहक अशा कपड्याला धुतलेल्यापेक्षा जास्त मोल देतात.

खोका रिकामा करताना

टेबलावर पांढरी चादर पसरा आणि एकेक वस्तू त्यावर ठेवा. काहीही झटकू नका. बाहुलीचा बूट, हातमोजा, कानातला मणी, पर्सची कडी या वस्तू तांदळाच्या दाण्याएवढ्याही असू शकतात आणि झटकलेल्या कपड्यातून त्या कुठे उडाल्या ते कळत नाही. खोक्याच्या तळाशी साठलेला कचरासुद्धा फेकण्याआधी पिठाच्या चाळणीतून चाळून घ्या. हरवलेल्या जोडीतला दुसरा बूट बहुतेक वेळा तिथेच सापडतो.

कपडे उतरवण्याआधी प्रत्येक बाहुलीचे समोरून आणि मागून फोटो काढा. कोणता पट्टा कोणत्या फ्रॉकवर होता, रिबिनीची गाठ कशी होती, टोपी कुठल्या बाजूला टाचली होती, हे नंतर आठवत नाही. उतरवताना बाही ओढू नका. बाहुलीची बोटं शिवणीत अडकतात आणि जुना दोरा तिथेच तुटतो. हाताच्या पंजावर पातळ प्लॅस्टिकचा तुकडा गुंडाळला की बाही सहज सरकते. चिनी मातीचं डोकं आणि हातपाय असलेल्या बाहुल्यांचे सांधे आतल्या इलॅस्टिकने ओढून धरलेले असतात. हे इलॅस्टिक कुजलेलं असेल तर कपडे काढता काढता पाय सुटून पडतो, म्हणून अशी बाहुली उशीवर आडवी ठेवूनच उघडा. व्हिनाइलचा रेनकोट किंवा बूट बाहुलीला चिकटले असतील तर ते खेचू नका. एखादा दिवस उघड्या हवेत राहू द्या आणि मग बोथट लाकडी काडीने कडेपासून हळूहळू सोडवा.

नाकाचाही उपयोग करा. व्हिनेगरसारखा आंबट वास येत असेल तर सेल्युलोज ॲसिटेट जातीचं प्लॅस्टिक खराब होत आहे. ती बाहुली किंवा वस्तू लगेच इतरांपासून वेगळी ठेवा, कारण त्यातून निघणारी आम्लाची वाफ शेजारच्या वस्तूंनाही खाते. पातळ, हलक्या बाहुलीला चोळल्यावर कापराचा वास आला तर ती सेल्युलॉइडची आहे. सेल्युलॉइड झटकन पेट घेतं, त्यामुळे इस्त्री, दिवा, ऊन यांपासून ते दूर हवं.

लोकरी कापडाला बारीक भोकं आणि शिवणीत वाळूसारखे कण दिसले तर कसर लागली आहे. असे कपडे प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला, हवा दाबून काढा, पिशवी घट्ट बंद करा आणि उणे १८ अंशांच्या फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी चोवीस तास बंदच राहू द्या, नाहीतर गार कापडावर दव धरतं. हे फक्त कापडासाठी आहे. प्लॅस्टिकची बाहुली किंवा व्हिनाइलचे बूट थंडीने ठिसूळ होतात, ते फ्रीजरमध्ये नकोत.

बुरशी दिसली तर ओल्या फडक्याने पुसण्याचा मोह टाळा, त्याने ती पसरते आणि धाग्यात उतरते. कपडा आधी हवेशीर सावलीत पूर्ण वाळू द्या. मग मास्क लावून, घराबाहेर, मऊ ब्रशने बुरशी झाडा.

काय हाती लागलं आहे?

धुण्याआधी ओळख पटवायची, कारण कपडा किती जुना आहे यावर त्याला किती छेडायचं ते ठरतं. मानेच्या मागे, केसांच्या रेषेखाली, पाठीवर, कमरेखाली आणि पायाच्या तळव्यावर खुणा शोधा. तिरपा उजेड टाकला की पुसट अक्षरंही वाचता येतात.

नवखी माणसं इथे एक चूक हमखास करतात, ती म्हणजे कोरलेलं साल हेच बाहुलीच्या जन्माचं साल समजणं. बार्बी बाजारात आली १९५९ साली. तिच्या वळणाऱ्या कमरेच्या शरीरावर १९६६ असं साल कोरलेलं असतं आणि हेच साल १९९०च्या दशकातल्या बाहुल्यांवरही दिसतं. डोक्याच्या मागे असलेल्या १९७६चीही तीच गत. हे साल साच्याच्या स्वामित्वहक्काचं असतं, साचा पुढे कित्येक वर्षं वापरला जातो. देशाचं नाव त्या मानाने जास्त उपयोगी. अमेरिकेत येणाऱ्या मालावर मूळ देशाचं नाव हवं, असा तिथला कायदा १८९१पासून लागू झाला. ‘ऑक्युपाइड जपान’ हा शिक्का दुसऱ्या महायुद्धानंतरच्या ताब्याच्या काळातला, म्हणजे १९५२ नंतरचा नाही.

कपड्यांवर खूण कमी असते, पण त्यांचे बंद, म्हणजे वेल्क्रो, हूक, बटणं, बोलतात. वेल्क्रोचं पेटंट १९५५चं, तेव्हा वेल्क्रो असलेला फ्रॉक त्याआधीचा असू शकत नाही, निदान ते बंद तरी मागाहून लावलेले असणार. नायलॉन जगापुढे आलं १९३८ साली, पॉलिएस्टरचे कपडे युद्धानंतर रुळले. अतिनील टॉर्च असेल तर अंधारात कपड्यावर मारून पाहा. कापड किंवा दोरा निळसर पांढरा लखलखला तर त्यात चकाकी आणणारं रसायन आहे, जे विसाव्या शतकाच्या मध्यानंतरच सर्रास वापरात आलं. फ्रॉक मंद दिसतो आणि एकच शिवण लखलखते, याचा अर्थ ती शिवण नंतर कोणीतरी घातली आहे. हा पुरावा टिकवायचा असेल तर ‘जास्त शुभ्र’ करणारी पावडर वापरू नका. एका धुण्यात सगळाच कपडा लखलखायला लागतो आणि पुढच्या माणसाला काही कळत नाही.

कापडाचा धागा तपासणं

शिवणीच्या आतल्या बाजूने सुटलेला एकच धागा, १ सेंटिमीटर पुरे, चिमट्यात धरून चिनी मातीच्या बशीवर मेणबत्तीने पेटवा. कागदासारखा जळून मऊ राख झाली तर सुती, लिनन किंवा रेयॉन. केस जळल्याचा वास आणि चुरा होणारी काळी गाठ म्हणजे रेशीम किंवा लोकर. वितळून कडक मणी झाला तर नायलॉन किंवा पॉलिएस्टर. वितळताना व्हिनेगरचा वास आला तर ॲसिटेट, आणि जुन्या चकचकीत टॅफेटाचे फ्रॉक बरेचदा याच जातीचे असतात.

सुती आणि रेयॉन यांत गल्लत करू नका, कारण रेयॉन ओला झाला की त्याची ताकद निम्म्याच्या आसपास उतरते. दुसरा धागा घ्या, मध्यभागी पाण्याने ओला करा आणि ओढा. ओल्या जागी सहज तुटला तर रेयॉन समजा आणि पाण्यात असताना तो कपडा कधीही हाताने उचलू नका, जाळीवरच उचला. ॲसिटेटबद्दलही एक सावधगिरी. नेलपॉलिश रिमूव्हरमधला ॲसिटोन त्याला विरघळवतो. चिकट डाग काढायला म्हणून दोन थेंब टाकले की फ्रॉकला तेवढंच भोक पडतं.

रंग सुटतो का?

ही चाचणी कपड्याची नव्हे, कपड्यातल्या प्रत्येक रंगाची करायची: मुख्य कापड, छपाई, पट्टा, भरतकामाचा दोरा, रिबीन, शिवणीचा दोरा. लाल, काळा, गडद निळा आणि जांभळा यांच्यावर कधीच विश्वास टाकू नका.

कापसाची काडी पाण्यात बुडवून आतल्या बाजूला ठेवा आणि ३० सेकंद हलकेच दाबून धरा. काडी पांढरी राहिली तर तीच चाचणी धुण्यासाठी कालवलेल्या साबणाच्या पाण्याने करा, कारण साध्या पाण्यात न हलणारा रंग साबणात हलू शकतो. मग ती जागा पूर्ण वाळू द्या आणि कडेला वर्तुळ उमटलंय का ते पाहा. काडीवर किंचितही रंग आला तर तो कपडा पाण्यात जात नाही. मिठाने किंवा व्हिनेगरने रंग पक्का होतो असं अनेक जण सांगतात. सुटणारा रंग त्याने पक्का होत नाही.

धुणं

पाण्याच्या आधी कोरडी धूळ काढायची. ती तशीच भिजवली की चिखल होऊन धाग्यांत बसते. व्हॅक्यूम क्लिनरच्या नळीच्या तोंडावर नायलॉनची जाळी रबराने ताणून बांधा, जोर सगळ्यात कमी ठेवा आणि नळी कपड्यापासून १ सेंटिमीटर वर धरून फिरवा. व्हॅक्यूम नसेल तर मेकअपचा नवा, मऊ ब्रश चालतो.

आता एक काम, जे बहुतेक जण टाळतात आणि मग इस्त्री करताना पस्तावतात. फ्रॉकला पाडलेल्या चुण्या असतील तर धुण्याआधी त्या पांढऱ्या सुती दोऱ्याने कच्च्या टाक्यांनी जागच्या जागी धरून ठेवा. घेराच्या तळाशी एक ओळ, मध्यावर एक ओळ. एवढ्याशा कपड्यावर ५० चुण्या नंतर नव्याने पाडणं म्हणजे डोळ्यांची परीक्षा. वेल्क्रो असेल तर त्याचे आकडे बंद करा, नाहीतर ते विणलेलं कापड ओरबाडतात.

भांडं पांढरं प्लॅस्टिकचं किंवा काचेचं घ्या, म्हणजे रंग सुटला तर लगेच दिसतो. पाणी कोमट, ३० अंशांच्या आसपास. पाणी जड किंवा लोखंडाचा अंश असलेलं असेल तर निदान शेवटच्या विसळण्याला डिस्टिल्ड पाणी वापरा. १ लिटर पाण्याला अर्धा चमचा, म्हणजे २ ते ३ मिलिलिटर, बिनवासाचा, बिनरंगाचा सौम्य द्रव साबण पुरतो. लेबलवर एन्झाइम असतील तर तो साबण रेशीम आणि लोकरीला वर्ज्य, कारण डाग खाणारं एन्झाइम त्या धाग्यांनाही खातं.

१. कपडा नायलॉनच्या जाळीच्या तुकड्यावर आडवा पसरा आणि जाळीसकट पाण्यात सोडा.
२. १० ते १५ मिनिटं राहू द्या. अधूनमधून तळव्याने हलकेच दाबा आणि सोडा. चोळायचं नाही, ब्रश लावायचा नाही, पिळायचं तर अजिबातच नाही.
३. पाणी चहासारखं तांबूस झालं तर घाबरू नका, तो जुना मळ आणि कापडातून सुटलेली पिवळट आम्लं आहेत. पाणी बदला आणि पुन्हा भिजवा. दोन-तीन वेळा असं करावं लागतं.
४. जाळीसकट उचलून स्वच्छ पाण्यात विसळा, चार-पाच पाणी बदला. फेस आणि बुळबुळीतपणा पूर्ण गेला पाहिजे. आत राहिलेला साबणच पुढे पिवळा पडतो.

टिचबटणं आणि हूक लोखंडी असतील तर एकूण वेळ १५ मिनिटांच्या पुढे नेऊ नका. जास्त भिजवायचंच असेल तर बटणं उसवून काढा आणि त्यांच्या जागी रंगीत नव्हे, पांढऱ्या दोऱ्याचा एक टाका खूण म्हणून ठेवा.

आणि सगळी काळजी घेऊनही मध्येच रंग सुटला तर? तिथेच थांबून कपडा वाळत घालणं ही सगळ्यात वाईट गोष्ट, वाळल्यावर सुटलेला रंग पक्का बसतो. भरपूर गार पाण्यात ठेवा, पाणी भराभर बदला, पाणी नितळ होईपर्यंत. मग पांढऱ्या टॉवेलवर असा पसरा की पुढचा आणि मागचा भाग एकमेकांना टेकणार नाहीत, आत टिपकागद घाला आणि पंख्याखाली लवकर वाळवा.

पिवळेपणा आणि हट्टी डाग

पांढरं सुती कापड साध्या धुण्याने पुरतं उजळलं नाही तरच ऑक्सिजन ब्लीच, म्हणजे सोडियम परकार्बोनेट. १ लिटर ४० अंशांच्या पाण्यात १ चहाचा चमचा, पावडर पूर्ण विरघळल्यावरच कपडा घाला, नाहीतर कण बसतील तिथे ठिपके पडतील. तासातासाने बघा, हवा तितका उजळला की काढा. सहा तासांनंतर त्या पाण्यात फारसा दम राहत नाही, तेव्हा रात्रभर ठेवण्यापेक्षा ताजं पाणी करा. भांड्याला घट्ट झाकण लावू नका, आत वायू साठून ते उडतं.

हे पाणी अल्कधर्मी असतं, त्यामुळे रेशीम आणि लोकर यात घालायची नाही. लोखंडी बटणं असलेला कपडाही नाही, कारण लोखंडाजवळ रसायनाचा वेग वाढतो आणि नेमकं बटणाभोवतीचं कापड विरतं. क्लोरीनचं ब्लीच तर घरात असलं तरी या कामाला घेऊ नका. रेशीम, लोकर त्यात विरघळतात, नायलॉन उलट पिवळं पडतं आणि जुन्या सुताचा जीव जातो.

गंजाच्या डागाची गोष्ट वेगळी. ब्लीच त्याच्यावर चालत नाही, उलट नुकसान करतं. पांढऱ्या सुती कापडावर १०० मिलिलिटर पाण्यात १ चमचा सायट्रिक ॲसिड विरघळवून, काडीने फक्त डागावर लावा, १५ मिनिटं ओलं ठेवा आणि भरपूर विसळा. डाग फिकट झाला, गेला नाही, तर वाळवून दुसऱ्या दिवशी पुन्हा. रंगीत कापडावर आधी आतल्या बाजूला पाहा, आम्लाने कित्येक रंग बदलतात. आणि डागाचं मूळ असलेलं बटण तसंच ठेवलंत तर सहा महिन्यांनी डाग परत हजर.

तेलकट डागावर कॉर्नफ्लॉवर भुरभुरून रात्रभर ठेवा आणि ब्रशने झाडा, मग धुवा. कुजलेल्या इलॅस्टिकचा चिकट तपकिरी डाग बहुतेक निघत नाही, त्याच्यावर वेळ घालवू नका. फ्रॉकवर मूळची, त्या काळातली शाई किंवा सांडलेल्या खाऊचा फिकट डाग उरला तर तो राहू द्यावा. शेवटचा डाग काढायच्या नादात कापडाला भोक पडतं.

पाणी लावायचंच नाही असे कपडे

घडीच्या रेषांवर चिरत चाललेलं जुनं रेशीम. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या सुरुवातीला रेशमाला वजन यावं म्हणून धातूचे क्षार देत असत आणि तेच आता धाग्याला आतून कापतात. असं कापड शिवताही येत नाही, सुई जिथे घालाल तिथे नवी चीर पडते. ते बारीक जाळीच्या दोन थरांत आडवं ठेवायचं.

मखमल, फेल्ट, खोटी फर, चिकटवलेली लेस, सोनेरी-चंदेरी कापड हेही कोरडंच साफ करा. मेकअप लावायचा कोरडा, नवा स्पंज फेल्टवरून एकाच दिशेने ओढला की बराच मळ त्याला लागतो. आत फोम असलेले कोट आणि टोप्या धुतल्या की फोमचा भुगा होऊन बाहेर येतो. जुन्या टिकल्या, विशेषतः महायुद्धापूर्वीच्या, जिलेटिनच्या असू शकतात. सुटी पडलेली एक टिकली कोमट पाण्यात टाकून पाहा, मऊ पडून विरघळायला लागली तर पूर्ण फ्रॉक पाण्यापासून आणि इस्त्रीपासून लांब.

नुसता वास असेल तर मोठ्या झाकणाच्या डब्यात तळाशी वाटीभर खाण्याचा सोडा ठेवा, त्याच्या वर जाळीवर कपडा पसरा आणि आठवडाभर बंद ठेवा. सोडा कपड्यावर शिंपडू नका, शिवणींतून तो निघता निघत नाही. सुगंधी फवारे तर नकोच.

वाळवणं आणि इस्त्री

ओला कपडा पांढऱ्या टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा, पाणी टॉवेल पिईल. मग कोरड्या टॉवेलवर आडवा पसरून बोटांनी आकार द्या. कॉलर, बाह्या, फुगे इथे टिपकागदाचे बोळे भरा. लेसची टोकं गंज न चढणाऱ्या स्टीलच्या टाचण्यांनी ताणून टाचली तर इस्त्रीची गरजच पडत नाही. सावलीत वाळवा. लोखंडी बटणं असतील तर त्यांच्यावर हेअर ड्रायरचा गार झोत धरा.

इस्त्री शक्यतो सुती कापडालाच आणि ते पूर्ण स्वच्छ झाल्यावरच. साखरेचा न दिसणारा डाग गरम इस्त्रीने तपकिरी होऊन कायमचा बसतो. मधे पातळ सुती फडकं हवंच. इस्त्रीवरचा एक ठिपका म्हणजे ११० अंशांपर्यंत, तो नायलॉन आणि ॲसिटेटला, दोन म्हणजे १५० रेशीम-लोकरीला, तीन म्हणजे २०० सुती-लिननला. जुन्या कापडाला एक पायरी खालचीच ठेवा. बाहीच्या आत जाण्यासाठी पेन्सिलीला सुती कापड गुंडाळून त्यावर बाही चढवा, इस्त्रीचं टोक नेमकं बसतं.

खळ द्यायची हौस असेल तर लगेच मांडून ठेवायच्या कपड्यालाच द्या. खोक्यात जाणाऱ्या कपड्याला खळ म्हणजे किड्यांना जेवणाचं आमंत्रण.

टाके

उसवलेली शिवण जुन्याच भोकांतून, १० नंबरची किंवा त्याहून बारीक सुई आणि सुती दोरा घेऊन शिवा. पॉलिएस्टरचा दोरा कापडापेक्षा मजबूत असतो, ताण आला की दोरा टिकतो आणि कापड फाटतं. कुजलेलं इलॅस्टिक बदलताना जुन्याचा तुकडा लेबल लावून पिशवीत ठेवा. मूळ बटण सापडत नाही म्हणून सगळीच नवी लावू नका, एक वेगळं दिसलं तरी उरलेली मूळची राहू देत.

आता बाहुल्या

कपडे स्वच्छ झाले आणि मळक्या बाहुलीला चढवले तर केलेलं पाण्यात. व्हिनाइल आणि टणक प्लॅस्टिकची बाहुली ओलसर मऊ फडक्याने, पाण्यात भांड्यांच्या साबणाचा एक थेंब टाकून पुसा, मग साध्या पाण्याच्या फडक्याने. ओठ, भुवया, गाल यांच्या रंगावरून घासू नका. लाकडाचा भुसा आणि सरस यांच्या लगद्याची, वर रंग दिलेली बाहुली मात्र पाण्याने फुगते आणि तिच्या चेहऱ्याला तडे जातात. तिला कोरडा मऊ ब्रश एवढंच. कापडी बाहुलीही तशीच, आतला भुसा किंवा कापूस भिजला की आठवडाभर वाळत नाही.

बार्बीच्या वयाच्या बाहुल्यांत कानाभोवती हिरवा डाग दिसला तर कानातल्याच्या तांब्याचा किंवा पितळेचा व्हिनाइलवर परिणाम झालेला आहे. कानातलं आधी काढा, ते आत राहिलं तर डाग गालापर्यंत उतरतो. व्हिनाइलवरचा शाईचा किंवा कपड्यातून उतरलेल्या रंगाचा डाग मुरमांसाठी मिळणाऱ्या १० टक्के बेन्झॉइल पेरॉक्साइडच्या क्रीमने फिकट करता येतो. फक्त डागावर लावा, वर पातळ प्लॅस्टिक फिल्म गुंडाळा, उजेडात ठेवा, काही तासांनी पुसून बघा आणि लागेल तितके दिवस पुन्हा लावा. हे क्रीम बाहुलीच्या अंगाचा रंगही उडवतं, डागाच्या जागी पांढरा चट्टा पडू शकतो. म्हणून आधी पाठीवर करून पाहा आणि रंगवलेल्या चेहऱ्याजवळ आणू नका.

पाय चिकट लागत असतील तर व्हिनाइल मऊ ठेवणारं तेलकट द्रव्य बाहेर येतंय. साबणपाण्याने पुसलं की जातं, काही महिन्यांनी परत येतं. त्याला कायमचा इलाज नाही. बंद पिशवीत ठेवल्याने ते वाढतं.

केस मूळच्या बांधणीत, दोऱ्यासकट असतील तर सोडू नका. गुंतलेले असतील तर कोमट पाणी आणि सौम्य शॅम्पू, मग कंडिशनर, आणि मोठ्या दातांच्या धातूच्या कंगव्याने टोकापासून मुळाकडे. उघडझाप होणारे डोळे असतील तर डोकं बुडवायचं नाही. आतल्या लोखंडी दांडीला गंज धरला की डोळे अर्धवट मिटलेले अडकतात. गरम ड्रायर तर दूरच, नायलॉनचे केस क्षणात आखडतात.

बुटांना ओलं फडकं पुरे. जोडी दोऱ्याने सैल बांधून ठेवा.

परत ठेवताना

वही करा किंवा फोनवर यादी. प्रत्येक बाहुलीला आणि कपड्याला क्रमांक, फोटो, खुणा, काय धुतलं, कशाने धुतलं, कोणतं बटण बदललं. क्रमांक सुती फितीवर पेन्सिलीने लिहा आणि फीत कपड्याला सैल बांधा. पेनाची शाई आणि चिकटपट्टी पुढे डाग पाडतात. अर्धवट पोशाख असतील तर काय कमी आहे ते लिहून ठेवा, म्हणजे सुट्या वस्तूंत तो पट्टा किंवा ती टोपी दिसली की ओळखता येते.

कपडे आम्लरहित टिश्यू कागदात आडवे ठेवा, घडीत कागदाची गुंडाळी भरा. रेशीम-लोकरीसाठी असा कागद घेताना चुना न मिसळलेला मागा. पीव्हीसीच्या पिशव्या नकोत, त्या स्वतःच चिकट होतात. पॉलिप्रॉपिलिनच्या चालतात, पण तोंड उघडं ठेवून. जुनं वर्तमानपत्र तर अजिबात नको. डांबराच्या गोळ्याही नकोत, त्यांची वाफ काही प्लॅस्टिकांना मऊ करते आणि बाहुलीचा हात कागदाला चिकटून बसतो.

गडद कपडे व्हिनाइलच्या बाहुलीला चढवून वर्षानुवर्षं ठेवू नका, रंग अंगात उतरतो. मांडायचीच असेल तर मधे पांढऱ्या सुती कापडाचा पातळ अंगरखा घाला. कपाटाच्या काचेवर थेट ऊन येत नाही ना, लोखंडी स्टँडचा कमरेला लागणारा भाग गंजत नाही ना, हे बघा आणि दर सहा महिन्यांनी खोका उघडून वास घ्या, शिवणी तपासा, कागद पिवळा पडला असेल तर बदला.